वाचकांचे प्रश्न : आवड चौफेर, मग हातात काय घ्यावं?

प्रश्न : इतिहास, विज्ञान, वैद्यक, अर्थकारण, सगळ्यातच रस आहे. अख्ख्या मानवजातीचा आढावा घेणारी जाड पुस्तकं वाचतो. वाचताना सगळं पटतं, पण कुणाला सांगायला बसलो की चार वाक्यांत गाडी संपते. काय वाचावं?

चारशे-पाचशे पानांत सत्तर हजार वर्षं बसवायची म्हटलं की लेखकाला पानोपानी निष्कर्ष सांगत सुटावं लागतं. तो निष्कर्ष कसा निघाला, कुणी हरकत घेतली, हे दाखवायला जागाच उरत नाही. युवाल नोआ हरारी यांचं ‘सेपियन्स’ म्हणूनच झरझर वाचून होतं आणि मागे दोन-तीन ठसठशीत दावे तेवढे राहतात. ते वाचू नका असं नाही. पण त्याच्या जोडीला चिंचोळ्या विषयाची पुस्तकं हवीत. एका वस्तूवर किंवा एका साथीवर लिहिणाऱ्याला तपशिलात उतरावंच लागतं.

पहिलं डाव्हा सोबेल यांचं ‘लाँजिट्यूड’ (१९९५). आकारानं लहान, चार-पाच बैठकींत होईल. समुद्रात जहाजाचा रेखांश काढण्याची खात्रीची पद्धत शोधणाऱ्याला ब्रिटिश संसदेनं १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावलं. सगळ्यात मोठ्या रकमेसाठी अट होती अर्ध्या अंशाच्या आतल्या अचूकतेची. निघालेल्या बंदराची वेळ दाखवणारं घड्याळ जवळ असेल, तर ती वेळ आणि जहाजावरची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश निघतो. वाचण्याआधी हे गणित कागदावर मांडा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं आणि अर्ध्या अंशाला २ मिनिटं. सफर सहा आठवड्यांची धरली तर घड्याळाला दिवसाला जेमतेम ३ सेकंद चुकायची मुभा उरते. तीही जहाज हेलकावत असताना आणि उष्णतेनं धातू प्रसरण पावत असताना. लंबकाचं घड्याळ तिथे टिकणारच नव्हतं. हे डोक्यात बसलं की मूळचा सुतार असलेल्या जॉन हॅरिसननं असं घड्याळ बनवण्यात इतकी दशकं का घालवली ते उमगतं. एक मात्र सांभाळा : सोबेल यांनी खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलाइनला जवळजवळ खलनायक करून टाकलं आहे. प्रत्यक्षात त्यानं पुरस्कारलेली चंद्राच्या अंतरांवरून रेखांश काढायची रीतही जहाजांवर दीर्घ काळ चालली, कारण तसली घड्याळं फार महाग होती.

त्यानंतर स्टीव्हन जॉन्सन यांचं ‘द घोस्ट मॅप’ (२००६). विषय १८५४ सालची लंडनच्या सोहो भागातली कॉलऱ्याची साथ. दूषित हवेनं रोग होतो असं बहुतेक डॉक्टर मानत होते, तेव्हा जॉन स्नो पाण्याकडे बोट दाखवत होता. इथे लक्ष ठेवा ते मृतांच्या आकड्यावर नाही, तर जे वाचले त्यांच्यावर. साथीचं मूळ ठरलेल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार जवळपास सगळे धडधाकट राहिले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि दूर राहणारी एक विधवा दगावली, कारण तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ते मागवलं जाई. अपवाद तपासून कारण कसं पकडायचं, याचा याहून चांगला धडा मिळणं कठीण. पंपाचा दांडा काढल्यानं साथ थांबली, ही ऐकीव गोष्टही पुस्तक दुरुस्त करतं : दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती.

अर्थकारणासाठी मार्क लेव्हिन्सन यांचं ‘द बॉक्स’, मालवाहू कंटेनरवरचं. मधली कामगार संघटना आणि बंदरांवरची प्रकरणं कोरडी आहेत, पण गाळू नका. पेटी बनवणं सोपं होतं, तिच्याभोवतीचं जग बदलणं अवघड होतं, हे तिथेच कळतं.

प्रश्न : पुस्तक भरवशाचं आहे की नाही, घेण्याआधी कसं ओळखायचं?

मागून उघडा. तुम्हाला ज्यातलं नीट कळतं असा एखादा विषय शेवटच्या सूचीत शोधा आणि ती दोन पानं वाचा. तिथेच लेखक घसरला असेल तर बाकीच्या पानांचं काय सांगावं! मग डोळे विस्फारायला लावणारे तीन दावे निवडून त्यांच्या टिपा पाहा. टीप मूळ संशोधनाकडे नेते, की दुसऱ्या लोकप्रिय पुस्तकाकडे? टिपाच नसतील तर पुस्तक करमणुकीपुरतं. अनुवाद घेत असाल तर टिपा आणि सूची गाळल्या नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

पहिल्या प्रकाशनाचं सालही पाहा. ‘नवी आवृत्ती’ म्हणजे पुष्कळदा फक्त नवी प्रस्तावना असते. तंत्रज्ञानाचा इतिहास सावकाश जुना होतो, मानवी उत्क्रांती आणि मानसशास्त्र भराभर. निअँडरथल या लुप्त झालेल्या मानवजातीच्या जनुकीय आराखड्याचा मसुदा २०१० साली प्रसिद्ध झाला आणि आजच्या पुष्कळ माणसांत त्यांचा थोडा वारसा असल्याचं दिसलं. त्याआधीच्या पुस्तकांतलं ‘निअँडरथल आणि आपले पूर्वज यांचा संकर झालाच नाही’ हे विधान सोडून द्यावं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’मधल्या (२०११) चौथ्या प्रकरणाचंही तसंच. नकळत दिलेल्या इशाऱ्यांनी वागणूक बदलते, हे सांगणारे तिथले प्रयोग फार थोड्या लोकांवर केलेले होते. त्यांच्यावर आपण नको इतका विश्वास टाकला, असं खुद्द कानमन यांनी २०१७ मध्ये मान्य केलं. बाकी पुस्तक जरूर वाचा.

प्रश्न : रिचर्ड ऱ्होड्स यांचं अणुबॉम्बवरचं आठशेहून अधिक पानांचं पुस्तक सुरू केलंय. सुरुवातीचं भौतिकशास्त्र गाळलं तर चालेल?

सगळं नाही. समीकरणांसारखं काही आलं तर पुढे सरका, पण युरेनियम-२३५ आणि २३८ यांतला फरक मात्र पक्का करा. बॉम्बला लागतं ते २३५, पण नैसर्गिक युरेनियममध्ये ते जेमतेम ०.७ टक्के असतं आणि रसायनानं ते वेगळं काढता येत नाही. हे निसटलं तर पुढे अमेरिकेत ओक रिजला एवढे अवाढव्य कारखाने कशासाठी उभारले, हेच कळणार नाही. रोज २५ पानं धरली तर पाच आठवड्यांत पुस्तक हातावेगळं होईल. नावं खूप आहेत, तेव्हा शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नाव, काम आणि पान क्रमांक टिपत जा. झिलार्ड, फर्मी, बोर आणि ओपनहायमर या शास्त्रज्ञांना प्रत्येकी दोन ओळी ठेवा, ते पुन्हापुन्हा येतात.