आधी एक अख्खा ऑगस्ट काढा, मग घर घ्या

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं एडिसनला आहोत. बर्फ उपसून नवऱ्याची पाठ कामातून गेली, त्यामुळे टेक्सासला यायचं जवळजवळ नक्की केलंय. माझी कंपनी डॅलसला बदली द्यायला तयार आहे. त्यांची नोकरी मॅनहॅटनच्या कंपनीत, पण काम घरूनच. मुलगी यंदा नववीत जाईल, मुलगा तिसरीत. आईबाबा पुण्याहून दर उन्हाळ्यात येऊन पाच-सहा महिने राहतात. बजेट सहा लाख डॉलरपर्यंत. ओळखीतले सगळे डॅलसजवळचं फ्रिस्को म्हणतात. एजंट मात्र सेलिनाची नवी घरं दाखवतेय, कारण तेवढ्याच पैशात तिथे मोठं घर मिळतं. मार्चच्या सुट्टीत येऊन घर पक्कं करावं म्हणतो. कुठे घ्यावं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, मार्चमध्ये जरूर या, हवा छान असते, हायवेच्या कडेला ब्लूबॉनेटची रानफुलं फुलायला लागलेली असतात. फक्त चेकबुक घरी ठेवून या. मार्चमधलं डॅलस बघून घर घेणारे लोक मला पुढे ऑगस्टमध्ये फोन करतात, वरच्या मजल्यावर एसी का पुरत नाही म्हणून.

मी घरांचं इन्स्पेक्शन करतो. मूळचा सोलापूरचा, म्हणजे उन्हाचं मला कौतुकही नाही आणि भीतीही नाही. पण इथलं ऊन समजून घ्या. १९८० साली डॅलसला सलग ४२ दिवस पारा शंभर फॅरेनहाइटच्या वर गेला होता. २०११च्या वर्षात असे एकूण ७१ दिवस भरले. आपल्याकडे मृग लागला की सुटका तरी होते. इथे जून उजाडला की उन्हाळ्याला खरी सुरुवात होते आणि सप्टेंबरपर्यंत तो हलत नाही.

त्यामुळे पहिली गोष्ट घराची नाही, आईबाबांच्या तिकिटांची. एडिसनला तुम्ही त्यांना उन्हाळ्यात बोलावता ते बरोबर आहे. इथे कॅलेंडर उलटं करा. ऑक्टोबरमध्ये येऊ द्या आणि मार्चअखेर परत पाठवा. दिवाळीही सापडते आणि संध्याकाळी फिरणंही होतं. जुलैत आलेले आईबाबा सकाळी सातच्या आत एक चक्कर मारतात आणि उरलेला दिवस पडदे ओढून मालिका बघत काढतात. पुढच्या वर्षी ‘नको रे बाबा’ म्हणतात.

आणि गरम राज्य म्हणून थंडीला विसरू नका. फेब्रुवारी २०२१मध्ये पारा शून्य फॅरेनहाइटच्या आसपास उतरला, लाखो घरांची वीज गेली, पाइप फुटले. इथल्या बऱ्याच घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून, म्हणजे ॲटिकमधून जातात. ते फुटले की छत आणि त्यावरचं ओलं इन्सुलेशन थेट सोफ्यावर येतं. त्या महिन्यात मी अशी घरं बघितली की आत उभं राहून आकाश दिसत नव्हतं एवढंच. कुठेही घर घ्या, रस्त्याकडेच्या मीटरपाशी पाणी कसं बंद करायचं ते पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

आता फ्रिस्को. २००० साली या गावाची लोकसंख्या ३३ हजारांच्या वर होती, २०२०ला दोन लाख झाली. कार्यसिद्धी हनुमानाचं देऊळ आहे, वाणसामानाची दुकानं आहेत, गणपतीला माणसं कमी पडत नाहीत. सगळे जातात ते काही वेडे म्हणून नाही. पण ‘फ्रिस्कोची शाळा’ हवी म्हणून तुम्ही फ्रिस्को धरून बसला असाल, तर थांबा. टेक्सासमध्ये गावाची हद्द वेगळी आणि आयएसडीची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र जिल्ह्याची, हद्द वेगळी. फ्रिस्को गावातल्या काही घरांची मुलं प्रॉस्पर, लिटल एल्म किंवा लुइसव्हिल आयएसडीत जातात. उलट प्लेनो आणि मॅकिनीचा पत्ता असलेली कितीतरी घरं फ्रिस्को आयएसडीत येतात. आयर्व्हिंगच्या व्हॅली रँचमधली बरीच मुलं कॉपेल आयएसडीत असतात. गावाच्या नावावर जाऊ नका. एकेक पत्ता आयएसडीच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

मुलगी नववीत जाणार हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि ते तुम्ही ओझरतं लिहिलंय. इथे शाळा सप्टेंबरमध्ये नाही, ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते. दुसरं म्हणजे टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या क्रमांकावर आपोआप प्रवेश मिळतो. १९९७चा कायदा आहे, वरच्या दहा टक्क्यांचा. ऑस्टिनच्या यूटीने, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासने, मात्र २०२६च्या प्रवेशांपासून ही रेघ पाच टक्क्यांवर आणली. फ्रिस्को-कॉपेलच्या हायस्कूलमध्ये त्या पाच टक्क्यांत बसायला किती मुलं झगडतात ते तिथल्या कुठल्याही आईला विचारा. तीच मुलगी ॲलन किंवा प्लेनोत सहज वर येईल असं मी म्हणत नाही, तिथेही आपलीच पोरं आहेत. पण ‘सगळ्यात नावाजलेली शाळा’ म्हणजे ‘सगळ्यात सोयीची शाळा’ हे गणित इथे सरळ नाही. आणि एकदा नववी सुरू झाली की चार वर्षं शाळा बदलायची नाही, एवढं ठरवूनच घर शोधा.

सेलिनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : तुमच्यासाठी नको. २०२३मध्ये अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात वेगाने वाढलेलं शहर तेच होतं. घरं सुंदर आहेत, स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींना न धडकता पुरणपोळ्या करू शकतात. पण ३८० नंबरच्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवून बघा. नव्या वस्तीत शाळांच्या सीमारेषा दर दोन-तीन वर्षांनी नव्याने आखल्या जातात, म्हणजे ज्या शाळेसाठी घर घेतलं ती पुढे तुमची राहीलच असं नाही. (जुन्या गावांचं दुखणं वेगळं. मुलं कमी झाली म्हणून प्लेनो आयएसडीने २०२५मध्ये चार शाळा बंद केल्या. तिथे हेही विचारून घ्या.)

शिवाय टॅक्स. राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून सगळे खूश असतात. तो प्रॉपर्टी टॅक्समधून वसूल होतो. घराच्या किमतीच्या साधारण दोन टक्के धरा, म्हणजे तुमच्या बजेटला वर्षाचे बारा हजार. नव्या वसाहतीत मड किंवा पिडचा, म्हणजे तिथल्या पाणी-रस्त्यांच्या सोयींसाठीचा, आकार वेगळा लागतो, मग अडीच टक्क्यांच्या पुढेही जातं. नव्या घरात आणखी एक मेख आहे. टॅक्सचं मूल्यांकन १ जानेवारीला जे उभं असेल त्यावर होतं. त्या दिवशी नुसती जमीन असेल, तर पहिल्या वर्षी बिल एवढंसं येतं आणि बँक हप्ता त्यावरच ठरवते. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, एस्क्रोत, म्हणजे बँक टॅक्स-विम्यासाठी हप्त्यातून पैसे बाजूला ठेवते त्या खात्यात, खड्डा पडतो आणि हप्ता महिन्याला कित्येकशे डॉलरने वर जातो. बिल्डरच्या ऑफिसात कुकी देतात, हे सांगत नाहीत. राहायला आल्यावर होमस्टेडचा, म्हणजे स्वतःच्या राहत्या घरावरच्या टॅक्स सवलतीचा, अर्ज स्वतः भरा, फुकट आहे. शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून १ लाख ४० हजार वजा होतात. भरून देतो म्हणून पैसे मागणारी पत्रं येतील, ती टोपलीत टाका.

तुमच्या मिस्टरांचं प्रकरण वेगळं आहे. कंपनी न्यूयॉर्कची आणि ते स्वतःच्या सोयीसाठी टेक्सासमधून काम करणार असतील, तर न्यूयॉर्क राज्य त्या पगारावर टॅक्स मागतं. ‘टेक्सासला गेलो, टॅक्स सुटला’ हा हिशोब मांडण्याआधी सीएला, म्हणजे इथल्या सीपीएला, भेटा.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट. डॅलसच्या खालची माती काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. सोलापूरकडच्या कपाशीच्या रानासारखीच, फरक एवढाच की त्या रानावर आपण पाच-सहा लाखांचं घर ठेवत नाही. बेसमेंट इथे जवळपास नसतंच (गणपतीचं मखर कुठे ठेवायचं ते आधी ठरवा). घर काँक्रीटच्या स्लॅबवर बसतं आणि माती हलली की स्लॅबही हलतो. मी घरात शिरलो की आधी आतली सगळी दारं लावून बघतो. दाराच्या वरच्या कडेला फट एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी असेल, तर चौकट वाकडी झालीय. मग बाहेर जाऊन विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग चढलीय का ते बघतो. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताज्या रंगाची दिसली, तर तिथे जास्त वेळ उभा राहतो. फाउंडेशनचं काम एकदा झालेलं असणं वाईट नाही. कागद आणि हस्तांतर होणारी वॉरंटी असेल तर उलट बरं. लहानसहान केसासारख्या भेगांना घाबरून चांगलं घर सोडू नका. घर घेतल्यावर उन्हाळ्यात भिंतीपासून फूट-दीड फुटावर झिरपणारा होज टाकून ठेवा आणि पाणी द्या. हो, घराला पाणी घालायचं. आईंना हे ऐकून हसू येईल.

करार झाल्यावर थोडी फी भरून मिळणारे ऑप्शन पिरियडचे दिवस असतात, तेवढ्यात करार मोडता येतो. त्यात इन्स्पेक्शन कराच, पण त्याच दिवसांत विम्याचा आकडाही लेखी मागवा. इथे गारा पडतात, लिंबाएवढ्या पडल्या की छप्पर जातं. छप्पर किती जुनं आहे यावर विमा ठरतो आणि गारांचं डिडक्टिबल बहुतेकदा विम्याच्या रकमेच्या एक-दोन टक्के असतं. पाच लाखांवर दोन टक्के म्हणजे दहा हजार तुमच्या खिशातून.

मग कुठे? तुमच्या जागी मी असतो तर जुलैत भाड्याच्या घरात आलो असतो, ज्या हायस्कूलसाठी पुढे घर घ्यायचंय त्याच्याच हद्दीत. ऑगस्ट अंगावर काढला असता. ऑफिसचा रस्ता, टोल, वीजबिल, सगळं कळतं. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घर घेतलं असतं, तोवर घरं बघणाऱ्यांची गर्दीही ओसरते. शोध तीन ठिकाणी : ॲलन, प्लेनोचा पश्चिम भाग आणि व्हॅली रँच-कॉपेल. सहा लाखांत ही घरं तीस-चाळीस वर्षांची मिळतील, प्लेनोत कित्येकांचं गॅरेज मागच्या गल्लीतून असतं, ते बघून नाक मुरडू नका. आईबाबांचा विचार मुख्य असेल तर व्हॅली रँच पहिलं. कालव्याच्या काठाने फिरायची वाट आहे, संध्याकाळी बाकांवर मराठी-तेलुगू आजीआजोबा बसलेले असतात, विमानतळ जवळ आहे. ॲलनला डार्टची, म्हणजे डॅलसच्या सार्वजनिक वाहतुकीची, गाडी नाही. आईबाबा स्वतःहून कुठे जाऊ शकणार नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : आम्ही नेपरव्हिलहून मॅकिनीला जातोय. सासूबाईंचा आग्रह पूर्वमुखी घराचा आहे. बिल्डर पूर्वेच्या प्लॉटला जास्त पैसे मागतोय. द्यावेत का?
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : सासूबाईंशी भांडायचा सल्ला मी देणार नाही. पण पूर्वेला दार म्हणजे पश्चिमेला मागची बाजू, आणि इथल्या नव्या घरांत हॉलच्या सगळ्या मोठ्या काचा मागेच असतात. जुलैत संध्याकाळी साडेसातलाही ऊन थेट टीव्हीवर येतं, मागच्या अंगणात रात्री साडेआठपर्यंत पाय ठेववत नाही. मला विचाराल तर उत्तराभिमुख घर बघा. मागची बाजू दक्षिणेला येते, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने छताचा छज्जा सावली धरतो आणि थंडीत ऊन आत येतं. उत्तर दिशाही कुबेराची आहे, हे सासूबाईंना सांगून बघा. तरीही पूर्वच ठरली, तर प्लॉटसाठी मागितलेले जास्तीचे पैसे घासाघीस करून कमी करा आणि ते मागच्या झाकलेल्या पॅटिओवर आणि खिडक्यांच्या सोलर स्क्रीनवर घाला. स्क्रीनचा रंग एचओएकडून, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेकडून, आधी मंजूर करून घ्या, नाहीतर बसवलेल्या काढायला लावतात.