बारा जणांच्या गटाने लिस्बनमधला पहिला दिवस कसा घालवावा?

तुमच्या गटात सत्तरीच्या पुढचे तिघे आणि शाळकरी मुलं दोन, आणि यादीत पहिल्याच दिवशी किल्ला, त्याखालची अल्फामा ही जुनी वस्ती आणि पिवळी २८ नंबरची ट्राम. माझं स्पष्ट मत: ते सगळं दुसऱ्या दिवसावर ढकला आणि पहिला अख्खा दिवस बेलें या नदीकाठच्या भागाला द्या. कामानिमित्त मी या शहरात राहिलो आहे. घरून कोणीही आलं की पहिल्या सकाळी त्यांना तिथेच नेत असे.

पहिलं कारण पायांचं. लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि फुटपाथ चुनखडीच्या लहान चिऱ्यांचे. वापरून वापरून ते गुळगुळीत झालेत, पावसाच्या नुसत्या शिंतोड्यानेही घसरतात. प्रवासाने आंबलेल्या ज्येष्ठांना अशा चढावर नेऊ नये. बेलें सपाट आहे, बसायला बागा आहेत.

भारतापेक्षा तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे पहाटेच टक्क जागे होणार. त्याचा फायदा घ्या. बेलेंमधला जेरोनिमोस मठ उघडण्याआधीच रांगेत उभे राहा, कारण थोड्या वेळाने टूरच्या बसगाड्या येऊ लागतात. सोमवारी मठ बंद असतो, तेवढं आधी बघून घ्या. बेलेंला जायला काईस दो सोद्रे स्टेशनवरून काश्काइशकडे जाणारी लोकल घ्या. १५ नंबरची ट्रामही जाते, पण बारा जणांना तिच्यात एकत्र चढता येणं कठीण. प्रवासाचं रिचार्जवालं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर सगळ्यांना जाता येत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपला कोकण, वसई, गोवा यांच्या इतिहासातला मोठा भाग या एका किनाऱ्यावरून सुरू झाला. जुलै १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजं इथूनच निघाली. जेरोनिमोस मठाचं काम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं. पैसा मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या ५ टक्के करातून आला. त्या मालात आपल्या किनाऱ्यावरची मिरी होती. दगडात कोरलेले दोरखंड, कमानींवरचं नक्षीकाम बघताना हे डोक्यात असलं की प्रत्येक खांबापाशी पाऊल थबकतं. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी दिसते. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, आधी तिथेच पुरला गेला, अवशेष पुढे पोर्तुगालला आणले. मुलांना आतल्या राजघराण्याच्या समाध्या दाखवा, त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर उभ्या आहेत. चर्चला तिकीट नाही, आतल्या चौकाला आहे. गटातले थकलेले लोक चर्च पाहून बागेत बसले तरी चालेल.

मग भुयारी रस्त्याने नदीकडे या. समोर जहाजाच्या आकाराचं ५२ मीटर उंच स्मारक, त्यावर दर्यावर्दी आणि धर्मप्रसारक ओळीने उभे. त्यांत अल्बुकर्क आहे, ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला, आणि जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते सेंट झेवियरही. हे दगडी स्मारक पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, १९६० मध्ये उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. मुलांना ही दोन सालं तिथेच, स्मारकासमोर उभं करून सांगा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेही सांगा. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली, वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा त्यांनी पाहिली असेल तर दुवा लगेच जुळेल. वर जायला लिफ्ट आहे, शेवटी थोड्या पायऱ्या. बेलेंचा बुरूज पुढे चालत जाऊन बाहेरून बघितला तरी पुरे, आतला जिना फार अरुंद आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही ज्या लोकलने येता तीच पुढे काशियासला जाते. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात सांगलीचे मोहन रानडे होते. गोवा मुक्तिसंग्रामात १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं ते पोर्तुगालच्या कैदेत राहिले, सुटले १९६९ मध्ये. त्या दिवशी तिथे उतरायची गरज नाही, पण या मार्गावर आपल्या एका माणसाने तरुणपणाची वर्षं कोठडीत काढली हे गटातल्या प्रत्येकाला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खाण्याचं. बेलेंमधलं १८३७ पासूनचं ते प्रसिद्ध कस्टर्ड टार्टचं दुकान मठापासून जवळच आहे. बाहेरची रांग पार्सलची असते. आत बरेच मोठे हॉल आहेत, गटाने सरळ आत जाऊन बसावं. टार्टमध्ये अंड्याचा बलक असतो, अंडं न खाणाऱ्यांना आधीच सांगा. पालेभाजीचं हिरवं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या सॉसेजची चकती असते, ती नको म्हणून आवर्जून सांगा. हॉटेलात बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, बिलात येणार नाही. कॅफेच्या काउंटरवर गोव्यामार्गे गेलेला समोसाही दिसेल, ‘शामुसा’ म्हणून. आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या.

संध्याकाळी परत येऊन प्रासा दो कोमेर्सियोच्या मोठ्या चौकात नदीच्या पायऱ्यांवर बसा. १७५५ च्या भूकंपापर्यंत इथे राजवाडा होता. जून-जुलैत नऊच्या सुमारास सूर्यास्त होतो, पण ज्येष्ठांना तोवर ताणू नका.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यापर्यंत ७३७ नंबरच्या छोट्या बसने वर जा आणि अल्फामातून उतरत खाली या, म्हणजे चढ टळतो. उतरताना काठी असलेली बरी. २८ नंबरच्या ट्रामचा हट्ट मुलांनी धरलाच तर सकाळी लवकर चढा आणि पाकिटं पुढच्या खिशात ठेवा, त्या गर्दीत खिसेकापू असतात. खाली कॅथेड्रलजवळ आल्जुबेचं संग्रहालय आहे, सालाझारच्या काळात तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. रानड्यांची गोष्ट आदल्या दिवशी सांगितली असेल तर मोठ्यांनी तिथे तासभर जरूर काढावा.