सहकाऱ्याचा पहिला कवितासंग्रह मनापासून आवडला, पण मला कवितेतलं कळत नाही. 'छान आहे' याशिवाय त्याला काय लिहू?

तुम्ही चार दिवस मेसेज टाइप करताय आणि खोडताय, असं लिहिलंय. माझ्यावर अशीच वेळ आली तेव्हा मी खोडला नव्हता, पाठवून मोकळी झाले होते. 'काका, खूप छान!' आणि पुढे दोन फुलं. समोरून हात जोडलेले आले आणि बोलणं तिथंच संपलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी घणसोलीत राहते. आमच्या इमारतीखाली झेरॉक्सचं दुकान आहे, ते चालवणारे काका घणसोली गावठाणातले, आगरी. वीस वर्षं एमआयडीसीतल्या कंपनीत होते, ती बंद पडल्यावर दुकान टाकलं. एकदा आधार कार्डाच्या प्रती काढायला गेले तर स्टेपलरशेजारी एकाच पुस्तकाचा गठ्ठा. कव्हरवर त्यांचंच नाव. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिला संग्रह. छपाईचे पैसे स्वतःचे. पैसे घेईनात, मी दीडशे रुपये काउंटरवर ठेवून निघाले. (तुम्हाला भेट मिळाला असला तरी आणखी एक प्रत विकत घ्या. कवीला त्याचं मोल फार असतं.)

दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाताना लोकलमध्ये उघडला. रबाळे गेलं, ऐरोली गेलं, आणि मी एकाच पानावर. कवितेत त्यांची आई आहे. जमीन संपादनाचा धनादेश घरी आलाय आणि तिला वाचता येत नाही. दोनच ओळी देते:

आयनं कागद उलटा धरला,
आन् आभालाकडं बगितलं.

पुढे काहीच नाही. शिव्याशाप नाहीत, रडणं नाही. जूनमध्ये पेरणीआधी जसं आभाळाकडं बघायचं, तसं ती सवयीनं बघते, एवढंच. मी ठाण्याला उतरले, दोन नंबरच्या पुलावर गर्दीत उभी राहिले आणि ते पान पुन्हा वाचलं.

सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 ची, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या 95 गावांची जमीन घेतली, हे मी ऐकून होते. 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तानला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं, हेही दरवर्षी लागणाऱ्या फलकांमुळे माहीत होतं. पण त्या 95 गावांत एक बाई कागद उलटा धरून उभी होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मनात असताना मी लिहिलं काय, तर 'खूप छान'.

पुढे संग्रहात एक शब्द सारखा येत राहिला, 'उघाडी'. उघाडी राखायला गेलेला बाप, उघाडीवर झोपलेला भाऊ. मी साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातली. मला वाटलं उघडी जागा असेल, तरी ओळी जुळेनात. शेवटी दुकानात जाऊन विचारलं, "काका, उघाडी म्हणजे काय?"

त्यांनी मशीन बंद केलं. खरंच बंद केलं. एका कोऱ्या कागदावर रेघा मारून दाखवलं: ही खाडी, हा मातीचा बांध, बांधाच्या आत खारजमिनीतलं भात. बांधाला एक दार, ती उघाडी. भरतीला ते बंद ठेवायचं, खारं पाणी आत येता कामा नये. ओहोटी लागली की उघडायचं, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. मोठ्या भरतीला बांधाला खांड पडली तर रात्री अख्खा गाव चिखलात उतरायचा, कारण एकदा खारं पाणी शिरलं की त्या वर्षीचंच नाही, पुढचंही पीक जातं. त्यांचे वडील त्या दाराची राखण करायचे. म्हणून त्यांच्या घरात झोपायच्या वेळा घड्याळाच्या नव्हत्या, भरती-ओहोटीच्या होत्या.

मग म्हणाले, "तुना बगायचीय?"

रविवारी गेलो. खारफुटीच्या अलीकडे बांधाचा जुना उंचवटा राहिलाय, त्यावर दगडांची दोन कडं. दार कधीच गेलंय. पलीकडे ओहोटीचा चिखल आणि लांबवर रोहित पक्षी. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही. आमच्या माणमध्ये जन्म जातो पाण्याची वाट बघण्यात, आणि इथं माणसं रात्र रात्र जागायची पाणी परत जाण्याची वाट बघत. मी एवढी वर्षं ज्या मजल्यावर झोपते, त्याखाली त्यांचं भात होतं. तिथंच उभं राहून मला त्यांच्या अर्ध्या पुस्तकातल्या कविता कळल्या.

त्या रात्री मी त्यांना पत्र लिहिलं, कागदावर, एक पान. कोणत्या स्टेशनला कोणतं पान वाचत होते ते लिहिलं. कागद उलटा धरणाऱ्या आईबद्दल लिहिलं, आणि मला माझी आजी आठवली, जी चारा छावणीच्या पावतीला अशीच दोन्ही हातांनी धरायची, तेही. शेवटच्या भागातल्या यमक जुळवलेल्या पाऊस-प्रेमाच्या कविता मला भिडल्या नाहीत, हेसुद्धा लिहिलं. तिथं त्यांची बोली सुटते आणि सगळे कवी लिहितात तसं वाचायला मिळतं. पाठवताना हात थरथरला. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "सगल्यांनी छान म्हनलं. पानाचा नंबर कुनी लिवला नवता."

तुम्हाला कवितेतलं कळत नाही म्हणून संकोच वाटतोय, त्यावर एक सांगते. नामदेव ढसाळांचा पहिला संग्रह 'गोलपिठा' 1972 चा, प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. गोलपिठा ही मुंबईतली वेश्यावस्ती, आणि त्या वस्तीतले कितीतरी शब्द तेंडुलकरांनाही अनोळखी होते. त्यांनी ते कवीलाच विचारले, त्याच्याबरोबर तो भाग फिरून पाहिला, आणि आपलं हे न कळणं लपवलं नाही. तेंडुलकरांना विचारावंसं वाटलं, तर तुम्हीआम्ही कशाला लाजायचं?

तेव्हा छंद, प्रतिमा, आशय असले शब्द शोधत बसू नका, ते तुमचे नाहीत हे त्याला लगेच कळेल. तुम्ही कुठं थांबलात ते लिहा. कुठल्या ओळीनंतर पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघितलंत, घरी कुणाला वाचून दाखवलीत, कोण आठवलं. एखादा शब्द अडला असेल तर तो विचाराच. काही आवडलं नसेल तर तेही लिहा, पण का ते सांगा. आणि शक्यतो हातानं लिहा.

मी नंतर दोन प्रती आणखी घेतल्या. एक गावी पाठवली. दुसरी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात दिली, 1893 पासूनचं ते ग्रंथालय आहे. काकांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कवितेच्या कपाटात ठेवतील ना?" पुढच्या आठवड्यात त्यांना सोबत घेऊन बघायला जाणार आहे.