पणजोबा बसऱ्याला गेले होते, पुढचं कसं शोधायचं?

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’, एवढंच घरात सांगतात (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं शहर). फोटो नाही, पत्र नाही. शोध कुठून सुरू करावा?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आधी गावातच पाहा. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४-१९ च्या युद्धात इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढंच तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं असतं. नावं नसतात. रंगसफेदीच्या थरांनी अक्षरं बुजली असतील तर खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, आकडे उठून दिसतात.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा. पैसे लागत नाहीत. यात युद्धकाळात मृत्यू पावलेल्यांच्याच नोंदी आहेत. परत आलेला शिपाई इथे सापडणार नाही. नेहमी चूक होते ती नाव टाकताना. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं, त्यामुळे एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगं निघतात आणि गावाचं नाव तर ओळखूही येत नाही. म्हणून नावावर अडून न बसता पलटणीवरून जा : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी. नोंद उघडली की जादा माहितीच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. हे सगळं जुळलं तरच माणूस आपला. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत असल्यामुळे एका गावात एकाच नावाचे तिघे सहज भेटतात.

पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर तारीख नीट पाहा. या पलटणी इराकमधल्याच कूट-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या आणि तिथल्या फौजेने २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. मृत्यू त्यानंतरचा असेल तर तो तुर्कांच्या कैदेत झाला असण्याची शक्यता धरून शोधा. आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा : बसरा स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीपुढे फक्त संख्या होती. हा अन्याय होता. पण नावं कमिशनच्या नोंदवहीत आहेत, त्यामुळे दगडाच्या फोटोत नाव दिसलं नाही म्हणून शोध सोडू नका.

प्रश्न : सातबाऱ्यावरून आजोबांच्या मागे जाता येत नाही. जुने कागद मागितले तर भावकीला वाटतं, हिस्सा मागायला आलो.

उत्तर : सातबारा आजचा मालक दाखवतो, पिढ्या लागतात त्या फेरफारात, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींत. सातबाऱ्यावर नावांजवळ जे फेरफार क्रमांक असतात, त्यांच्या नकला तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्या आणि एकेक करत मागे जा. अनेक तालुक्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’वर स्कॅन केलेले आहेत. जमिनींच्या एकत्रीकरणाआधीच्या कागदांवर गट नंबर नसून सर्व्हे नंबर असतो, म्हणून दोहोंचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून आधी मिळवा. तो नसेल तर लोक भलत्याच शेताचे कागद काढून बसतात.

वाचताना ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) वारसाचा पालनकर्ता. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं की थांबा : ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं नाव, त्याच्या आड बाकीचे भाऊ असतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणी पुष्कळदा ‘इतर हक्कां’त सापडतात, सासरच्या आडनावानिशी, बायकांचा माग काढायला याहून चांगला कागद क्वचितच मिळतो. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. वारस नोंद दहा-दहा वर्षं उशिरा झालेली असते. मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. ते बहुधा मोडीत असतं, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार गाठा.

भावकीचं म्हणाल, तर नक्कल काढण्याआधी थोरल्या चुलत्यांकडे जाऊन हेतू सांगा आणि मिळालेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत त्यांच्या हातात द्या. संशय बोलण्याने जात नाही, प्रतीने जातो.

प्रश्न : आजी ८६ वर्षांची आहे. तिला काय विचारू? आणि ते सगळ्यांना वाचायला दिलं तर चालेल का?

उत्तर : ‘लहानपण कसं होतं?’ असं विचारलं की ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर येतं. घराचं दार कुठल्या अंगाला होतं, पाणी कुठून आणायचे, पहिला पगार कुणाच्या हातात दिला, असं विचारा. सालं आठवत नाहीत, पण प्रसंग आठवतात : कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा थोरला रांगत होता की चालत होता? बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं? ध्वनिमुद्रणासाठी फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून वीतभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा आणि पाऊण तासात आवरा. फोटो दाखवले की ती जास्त बोलते. फोटोच्या मागे नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही, त्याची रेघ पुढे उमटते.

वाचायला देण्याआधी हयात माणसांच्या जन्मतारखा, दत्तक, दुसरी लग्नं आणि आजार गाळा, किंवा त्या त्या माणसाला विचारून ठेवा. आजीला तिचा भाग मोठ्याने वाचून दाखवा. ‘हे नको’ म्हणाली तर ते काढा, पण ध्वनिमुद्रण पुसू नका, त्याची प्रत पाकिटात बंद करून ठेवा. ते कधी उघडायचं तेही तिलाच विचारून पाकिटावर लिहून ठेवा.