शिआनला राहायचं तर वेशीच्या आत

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत आणि आईंनी इतिहासाच्या शिक्षिका म्हणून आयुष्यभर वर्गात ह्युएनत्संग शिकवला, म्हणून त्यांना चीनमधलं शिआन दाखवायचं आहे. चार रात्री आहेत. एक हॉटेल नव्या भागात उंच इमारतीत, चकचकीत आणि स्वस्त. दुसरं जुन्या शहरात, इमारत जुनी आणि दर जास्त. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी. बहुतेकांनी तुम्हाला नव्या भागातलं घ्या असं सुचवलंय. माझं मत उलट आहे, आणि ते ठाम का आहे ते सविस्तर सांगते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं शांघायला होतो. त्या काळात शिआनला तीनदा गेले. पहिल्या वेळी सासूसासरे बरोबर होते. मी हॉटेल निवडलं ते नव्या उद्योगांच्या भागात, गाओशिनमध्ये. नाव घेत नाही, कारण हॉटेलात खोट काही नव्हती. सत्ताविसावा मजला, काचेची भिंत, खोली केवढी तरी. पण सकाळी बाहेर पडायचं, दुपारी साडेबाराला सासऱ्यांचे पाय बोलायला लागायचे, टॅक्सीने पाऊणएक तास करून खोलीवर यायचं, आणि एकदा आडवे झाले की पुन्हा तेवढाच रस्ता कापून जुन्या शहरात जायची त्यांची तयारी नसायची. तीन दिवसांत त्यांनी शिआनची एकही संध्याकाळ पाहिली नाही. तटावरचे दिवे त्यांनी मी काढलेल्या फोटोंत पाहिले. त्याची रुखरुख मला आजही आहे, म्हणून हे लिहितेय.

वडीलधारी माणसं बरोबर असली की हॉटेल किती लांब आहे यावर दिवसाला एक फेरी होणार की दोन, हे ठरतं. जुन्या शहरात राहिलात तर सकाळी दोन तास फिरा, दुपारी जेवून झोपा, पाच वाजता पुन्हा बाहेर पडा. जुन्या शहरातल्या हॉटेलासाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते या दुपारच्या झोपेसाठी.

थोडा भूगोल सांगते, म्हणजे नकाशा बघताना उलगडा होईल. आजची शिआनची तटबंदी मिंग काळातली, १३७० च्या दशकात बांधलेली. घेर जवळजवळ १४ किलोमीटर, उंची १२ मीटर, आणि वरचा रस्ता १२ ते १४ मीटर रुंद, म्हणजे शेजारी शेजारी दोन बसगाड्या सहज जातील एवढा. बाहेरून खंदक. बरोबर मध्याजवळ १३८४ साली बांधलेलं घंटाघर आहे. ते पूर्वी पश्चिमेला होतं, १५८२ साली हलवून आत्ताच्या चौकात आणलं. त्याच्या जरा पुढे नगारखाना, आणि नगारखान्याच्या कमानीतून गेलं की हुई मुसलमानांची जुनी वस्ती. हे सगळं वेशीच्या आत आहे. तटाच्या आत उंच इमारती बांधायला मर्यादा आहेत, त्यामुळे इथली हॉटेलं बुटकी असतात आणि खिडकीतून झाडं दिसतात. विसाव्या मजल्यावरून दिसणारा देखावा इथे मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मात्र आईंना जे पाहायचंय ते तटाच्या बाहेर, दक्षिणेला आहे. याचं कारण ऐकायला त्यांना आवडेल. तांग घराण्याच्या काळातलं छांगआन, म्हणजे तेव्हाचं शिआन, आजच्या तटातल्या शहराच्या सहासातपट होतं, ८४ चौरस किलोमीटर. ह्युएनत्संग ६४५ साली परतला तो त्या नगरात. त्याने आणलेल्या ६५७ ग्रंथांसाठी ६५२ साली ज्या मठात मनोरा उभा राहिला, तो तेव्हा शहराच्या आत होता. पुढे शहर आक्रसलं आणि मनोरा वेशीबाहेर राहिला. मोठा हंस मनोरा म्हणतात तो हाच. सुरुवातीला पाच मजले होते, आता सात आहेत, उंची ६४ मीटर, आणि तो एका बाजूला किंचित कललाय हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं. समोर ह्युएनत्संगाचा उंच पुतळा आहे. महाराष्ट्रात येऊन दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल लिहिणारा, इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं नोंदवून गेलेला माणूस परत जाऊन जिथे बसून भाषांतरं करत होता, त्या अंगणात मी उभी राहिले तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. तुमच्या आईंना तिथे निवांत वेळ द्या. बाबांना मनोरा चढायला लावू नका, जिने अरुंद आहेत. खालच्या बागेत बाकं आहेत.

मग त्या मनोऱ्याजवळच राहावं का? तिथेही चांगली हॉटेलं आहेत. वेस्टिन हॉटेलच्या इमारतीत तर तळघरात कलासंग्रहालय आहे, भिंतचित्रं बघण्यासारखी आहेत. लहान मुलं बरोबर असती तर मी तेच सुचवलं असतं, कारण संध्याकाळी शेजारच्या रस्त्यावर रोषणाई, तांग पोशाख घालून फिरणाऱ्या मुली, मोकळी चालायची जागा असं सगळं आहे. पण गर्दी फार असते आणि तो भाग मुद्दाम जुना दिसावा असा नव्याने बांधलेला आहे. चार रात्रींत तिथे एक संध्याकाळ पुरते.

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी राहिले ते तटाच्या आतल्या पीपल्स ग्रँड हॉटेलला, सोफिटेल लेजंड या नावाने चालतं ते. १९५३ साली बांधलेली इमारत. तेव्हा चीनवर सोव्हिएत छाप होती, म्हणून खांब आणि दर्शनी भाग त्या घाटाचे, पण डोक्यावर चिनी धाटणीचं छप्पर. छत उंच, मागेपुढे बाग, रात्री शांतता इतकी की आपण मोठ्या शहराच्या मधोमध आहोत हे विसरायला होतं. आम्ही न्याहारीसकट साधारण हजार ते अकराशे युआन दिले होते; त्या दर्जासाठी शांघायमध्ये किंवा मुंबईत बरेच जास्त पडतात. आरक्षण करताना नाव नीट वाचा, कारण त्याच आवारात त्याच समूहाची मिळत्याजुळत्या नावांची आणखी हॉटेलं आहेत आणि ती निराळ्या इमारतींत आहेत. १९५३ ची मुख्य इमारत हवी, हे लेखी विचारून घ्या.

दर बघताना एक लक्षात ठेवा. चीनमधली मोठी हॉटेलं पुष्कळदा दराला अधिकची दोन चिन्हं लावतात. म्हणजे वर १० टक्के सेवाशुल्क आणि ६ टक्के कर, मिळून सुमारे १६.६ टक्के. स्वस्त वाटणारा दर यात पुष्कळदा महाग निघतो. पोहोचल्यावर अनामत रक्कम मागतील, ती निघताना परत मिळते. बक्षिशी द्यायची पद्धत नाही, सामान आणून देणारा मुलगा नोट घ्यायला संकोचतो.

बाबांसाठी आधी ईमेल करून दोन गोष्टी मागा: टब ओलांडून न जाता उभं राहून अंघोळ करता येईल अशी न्हाणी, आणि लिफ्टजवळची खोली. जुन्या इमारतींत लांबच लांब मार्गिका असतात. सासूबाईंना टब ओलांडताना रोज हात धरावा लागायचा, ते मला आधी सुचलं नव्हतं.

आता हॉटेलातल्या मदतकक्षाबद्दल. महागड्या हॉटेलचा खरा उपयोग मला तिथे झाला. शिआनमध्ये रस्त्यावर इंग्रजी फारसं चालत नाही. कक्षातल्या मुलीने मला चिनी अक्षरांत एक चिठ्ठी लिहून दिली: मांस नको, मासे नकोत, कोंबडी नको, डुकराची चरबी नको, ऑयस्टर सॉस नको, मांसाचं पाणी नको. ती मी मोबाइलच्या कव्हरमागे ठेवली आणि प्रत्येक ठिकाणी दाखवली. नुसतं 'शाकाहारी' सांगितलं तर वरचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येतो, त्यात त्यांचा दोष नसतो, त्यांच्या कल्पनेत ते शाकाहारीच असतं. तोंडी सांगायचं तर 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहार करते. अंडं चालत नसेल तर तेही चिठ्ठीत घाला. हॉटेलच्या पत्त्याचं चिनी कार्ड सगळ्यांच्या खिशात असू द्या.

जेवणाचं तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही, कारण हा गव्हाचा मुलुख आहे. योउपोम्येन नावाचा प्रकार आईंना नक्की आवडेल. हाताने ओढलेल्या रुंद कणकेच्या पट्ट्या, वर लाल तिखट, लसूण, पातीचा कांदा, आणि त्यावर कडकडीत तापलेलं तेल ओततात. चर्र आवाज होतो आणि फोडणीचा वास सुटतो. सासूबाई पहिल्यांदा हसल्या त्या त्या वासाने. दुसरा प्रकार ल्यांगपी, गार पट्ट्या, काकडी, व्हिनेगर आणि तिखट तेल. दोन्हीत सहसा मांस नसतं, तरी चिठ्ठी दाखवाच. बाबा मांसाहारी असतील तर त्यांना हुई वस्तीत नेऊन पाओमो खायला घाला. जाड रोटी आपल्यापुढे ठेवतात, ती आपण बसून बोटांनी बारीक कुस्करायची, मग वाडगा आत नेऊन त्यावर मटणाचा रस्सा घालून आणतात. भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. घाई करू नका. मोठे तुकडे केले तर रस्सा आतपर्यंत मुरत नाही. याच वस्तीत मोठी मशीद आहे, परंपरेने ७४२ सालची म्हणतात. घुमट नाही, चिनी अंगणं आणि लाकडी मंडप, अंगणात झाडांची सावली. दुपारच्या गर्दीनंतर तिथे बसायला बरं वाटतं.

हॉटेलच्या न्याहारीला नूडल्स समोर करून देणारा आचारी असतो, त्यालाही चिठ्ठी दाखवा आणि साध्या पाण्यात उकळून द्यायला सांगा. सोयाबीनचं गरम दूध, मांथोउ म्हणजे वाफवलेला साधा पाव, फळं, असं आईंचं भागेल. घरून मेतकूट आणि लोणचं न्या, मांथोउबरोबर छान लागतं.

चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांसाठी अख्खी सकाळ ठेवा. जागा शहरापासून सुमारे ४० किलोमीटर लांब, लिंतोंगला आहे. मार्च १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते तेव्हा तुकडे सापडले, ते ठाऊक असेलच. पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे आणि आत गेल्यावर सगळे पुढच्या कठड्याशीच गर्दी करतात. तिथे न थांबता कडेने मागे जा. मागच्या बाजूला डागडुजी चालू असलेले सैनिक उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाला हात, आणि चेहरे जवळून दिसतात. हॉटेलला आदल्या रात्री सांगून न्याहारी बांधून घ्या आणि दार उघडतानाच पोहोचा. त्या डब्यात न सांगता हॅम घालतात, हे आधीच बजावा. फाटकापासून आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, बाबांना चालवू नका. टॅक्सीवाला वाटेत 'कारखाना' दाखवतो म्हणाला तर नको म्हणा, ती मूर्ती विकायची दुकानं असतात. कार हॉटेलकडून घ्यायची गरज नाही, दीदी या ॲपवरून बोलावलेली टॅक्सी फार स्वस्त पडते.

शान्शी इतिहास संग्रहालयाची तिकिटं खुली होताच संपतात. पासपोर्टांचे तपशील देऊन हॉटेलच्या कक्षाला आठवडाभर आधी ईमेल करा. नाहीच मिळाली तर हिरमुसू नका, लहान हंस मनोऱ्याला जा. ७०७ सालापासूनचा हा मनोरा यीत्सिंग या चिनी भिक्षूने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी उभारला होता. यीत्सिंग भारतात समुद्रमार्गे आला होता आणि नालंदेला कित्येक वर्षं राहिला होता. पंधरा मजल्यांपैकी वरचे भूकंपात गेले, तेरा उरलेत. जुनी झाडं, बसायला जागा, शिवाय आवारातच शहराचं संग्रहालय. मला मोठ्यापेक्षा हाच जास्त आवडतो.

बाकी भराभर. परदेशी पाहुण्याची पोलिसांत नोंद २४ तासांत व्हावी लागते, हॉटेल ती स्वतः करतं, म्हणून पासपोर्ट मागतील. हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॅप चालत नाही. भारतातून रोमिंग चालू करून गेलात तर चालतं. अलीपे हे पैसे द्यायचं चिनी ॲप इथूनच उतरवून व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून घ्या, बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो तेव्हा ते घरी बसून उरका. थोडे रोख युआन ठेवाच. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा आणि मेचे पहिले दिवस पूर्ण टाळा, त्या सुट्ट्यांत अख्खा चीन फिरायला निघतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम. लिंतोंगची डाळिंबं तेव्हा रस्त्याकडेला विकायला असतात आणि झाडांवर केशरी तेंदूफळं लटकलेली दिसतात.

पहिल्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. चारपाच वाजता दक्षिण वेशीला, योंगनिंगमेनला जा. पायऱ्या आहेत, बाबांना सावकाश चढू दे. वर तटावर बॅटरीची गाडी मिळते, आम्ही तरुण मंडळींनी सायकली घेतल्या होत्या. दिवे लागायच्या आत वर पोहोचलात तर एका बाजूला राखाडी कौलं आणि दुसऱ्या बाजूला नव्या शहराचे मनोरे दिसतात, मग हळूहळू तटाच्या कडेने एकेक दिवा लागत जातो. सासऱ्यांना हे दाखवायचं राहून गेलं. तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की लिहा, मी त्या चिठ्ठीतला चिनी मजकूर शोधून ठेवलाय, तो पाठवते.