‘त्याला मी इथे आणलं, त्याचं इथे जमलं नाही तर?’

परदेशातून गोव्यात परतायचं ठरवलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा आधी आईवडिलांच्या तब्येतीबद्दल, घराच्या दुरुस्तीबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल बोलतात. खरा प्रश्न निघता निघता येतो. "ताई, त्याला मी इथे आणतेय. त्याचं इथे जमलं नाही तर?" कधी ‘त्याला’च्या जागी ‘तिला’ असतं. विचारणारा कधी बोटीवर काम करणारा डिचोलीचा मुलगा असतो, कधी लंडनला असलेली मडगावची नर्स. काळजी तीच असते. म्हणून एका जोडप्याबद्दल लिहिते. दोघांची परवानगी आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

अनघा फोंडा तालुक्यातली. लिस्बनला नोकरी, तिथेच मिगेलशी लग्न. इकडे वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, भाऊ पुण्याला, आई एकटी पडली. दोघांनी परतायचं ठरवलं. वाड्यावर सगळे चक्रावले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालात जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. त्यामुळे तरुण पोरं तिकडच्या पासपोर्टमागे, आणि ही तिकडचा माणूस इकडे घेऊन आली! "तूच तिकडचा पासपोर्ट का केला नाहीस गे?" असं काकू येता-जाता विचारायच्या. तो घेतला तर भारतीय नागरिकत्व जातं हे अनघाला माहीत होतं. तिने तसं केलं नव्हतं, आणि भारतीय नागरिक म्हणून ती मिगेलच्या व्हिसासाठी स्पॉन्सर, म्हणजे हमीदार, झाली होती.

पहिल्या भेटीत मी मिगेलला विचारलं, "चहा घेणार?"

"साखर नको त्याला," अनघा म्हणाली.

"प्रवास कसा झाला?"

"त्याला घाटातल्या वळणांचा त्रास होतो. पण आज बरा आहे."

मिगेल मान डोलवत होता. इंग्रजी तो उत्तम बोलतो. आम्ही इंग्रजीतच बोलत होतो. मी काही म्हटलं नाही, फक्त प्रश्न विचारत राहिले आणि उत्तर कुठून येतं ते पाहत राहिले. मी एकेका माणसात दोष शोधत नाही, दोघांच्या मधे काय घडतंय ते बघते. इतक्या वर्षांत या नजरेने मला क्वचितच फसवलं आहे.

अनघाला सगळे नियम तोंडपाठ होते. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला एंट्री व्हिसा मिळतो. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर इथे पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची; ती आता ऑनलाइन होते. लग्नाचा दाखला, राहत्या घराचा पुरावा आणि पत्नीचं हमीपत्र जोडायचं. ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डाचा) अर्ज मात्र लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झाल्याशिवाय करता येत नाही, आणि मग सुरक्षा तपासणी. त्यांच्या लग्नाला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. उरलेले महिने अनघा मुठीत धरून बसली होती. मिगेलला बरं वाटावं म्हणून घरात तिखट कमी, आईने त्याला काही विचारू नये म्हणून आईला ताकीद. मामा-मावशी आले की हा घरजावई कसा नाही, हे ती त्यांना समजावून सांगायची.

"आणि मिगेल काय करतो दिवसभर?"

"काही नाही. एंट्री व्हिसावर आल्या आल्या नोकरी धरता येत नाही ना. म्हणून तर मला एवढं..." तिचे डोळे भरले. "मीच आणलंय त्याला, ताई."

नंतरच्या एका भेटीत मी मिगेलशी एकट्याशी बोलले. तेव्हा कळलं की तो दिवसभर ‘काही नाही’ करत नव्हता. अनघा कामावर गेली की तो कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, जायचा, पाटाचं पाणी कुठल्या वाफ्यात सोडायचं हे गड्याकडून शिकायचा. आणि तिचे वडील! बाबा लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. झटक्यानंतर त्यांची मराठी-कोकणी अडखळत होती. पण मिगेलने सहज पोर्तुगीजमधून आकडे म्हणायला घेतले, तेव्हा तेही म्हणू लागले. मग रोज सकाळी हाताचा व्यायाम त्या आकड्यांवर. मध्येच बाबा त्याचे उच्चार सुधारायला लागत, मास्तरांच्या थाटात.

"अनघाला सांगितलं नाहीस?"

"ती संध्याकाळी घरी येते तेव्हा विचारते, आज फार कंटाळलास ना? मग मला वाटतं, तिला तेच उत्तर हवं आहे."

पुढच्या भेटीत त्याने हे तिच्यासमोर सांगावं असं मी सुचवलं. मला वाटलं होतं, ती आनंदेल. ती आधी गप्प झाली, मग चिडली. "माझ्याच घरात, माझ्याच बाबांबद्दल मला कोणी सांगत नाही?" खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. ती शांतता मी मोडली नाही. समुपदेशकाचं निम्मं काम तिथेच असतं, असं मी मानते.

मग मी विचारलं, "अनघा, मिगेलचं इथे बरं चाललंय हे ऐकून तुला राग आला. तुझ्याकडून काय गेलं?"

ती पुष्कळ वेळाने म्हणाली, "काळजी. मी त्याची काळजी नाही केली तर... मग मी त्याला इथे आणलं, त्याची भरपाई कशाने करू?"

मिगेलने तिच्याकडे वळून पहिल्यांदा थोडं चढ्या आवाजात सांगितलं, "तू मला आणलं नाहीस. मी आलो."

त्या दिवशी पुढे काही बोलायची गरज नव्हती. अशा जोडप्यांबद्दल मला जे कळलं ते इथे कळलं. सरकारला दिलेली हमी व्हिसापुरती असते. पण हमी देणारा माणूस नकळत जोडीदाराच्या भुकेची, झोपेची, मूडचीसुद्धा हमी घेऊन बसतो. दुसरा आपोआप पाहुणा होतो. पाहुण्याने तक्रार करायची नसते आणि आपलं आपण रमायचंही नसतं. दोन्हींनी यजमान दुखावतो.

म्हणून आता अशा जोडप्यांना मी काही गोष्टी आग्रहाने सांगते. नोंदणीचं, मुदतवाढीचं लॉगिन आणि पासवर्ड परदेशी जोडीदाराकडे असू द्या. अर्ज त्याने भरावा, तुम्ही सही करा. सगळ्या कागदांचा एक संच त्याच्या कपाटात हवा. व्हिसाच्या गप्पांना आठवड्यातला एक दिवस ठरवा, रोजच्या जेवणात त्या नकोत. नातेवाइकांच्या प्रश्नांची उत्तरं त्याला देऊ द्या, मोडकीतोडकी का होईनात.

घराचा विषय तर टाळूच नका. गोव्यात आईवडिलांच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो, त्यामुळे परका जावई राहायला आला की भावाच्या मनात हिशेब सुरू होतो. अनघाच्या भावाच्याही मनात झाला होता. तो हिशेब मिगेलसमोर बोलला गेला, ओसीआय मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही हे मिगेलनेच त्याला सांगितलं, आणि वातावरण निवळलं. आणखी एक अवघड विषय: कोर्टात लग्न मोडलं तर जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय रद्द होऊ शकतं. भांडणात हे वाक्य एकदा जरी धमकीसारखं आलं तरी त्याचा व्रण राहतो. म्हणून चांगल्या दिवसांत, दोघांनी शांतपणे बसून ते बोलून घ्यावं.

दोन वर्षं पूर्ण झाल्यावर मिगेलने ओसीआयचा अर्ज स्वतः भरला. एक दाखला अपलोड करताना अडला, तेव्हा त्याने पुण्याला मेहुण्याला फोन केला. अनघाला दुसऱ्या दिवशी कळलं. ती थोडी रागावली, असं तिनेच मला हसत सांगितलं.

फोनवर अपॉइंटमेंट घेताना लोक विचारतात, पहिल्यांदा दोघांनी यायचं की एकाने? शक्यतो दोघांनी या. एकालाच येता येत असेल, तर ज्याचा पासपोर्ट परदेशी आहे त्याला पाठवा.