मुलीच्या फीची ठेव मोडून जुन्या नोटा घ्याव्यात का?

नमस्कार,

अठरा महिन्यांनी मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, त्यासाठी ठेवलेली तीन लाखांची एफडी मोडून स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातल्या नोटांचा संच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. विक्रेता म्हणतो, दोन वर्षांत दुप्पट. ठेव मोडू नका.

या नोटांची ओढ मला कळते. १९४९ची एक रुपयाची नोट घ्या: राजाच्या चेहऱ्याच्या जागी सारनाथचे सिंह आले. खाली सही अर्थ सचिव के. आर. के. मेनन यांची, कारण रुपयाची नोट रिझर्व्ह बँक नाही, भारत सरकार काढतं. गव्हर्नर बेनेगल रामाराव यांच्या सहीच्या दोनच्या नोटेवर आधी ‘रुपया’ छापलं गेलं, पुढे हिंदी अनेकवचनाचा वाद मिटल्यावर ‘रुपये’ झालं. एवढ्याशा फरकासाठी संग्राहक वर्षानुवर्षं शोधत असतात, आणि ते मला मनापासून आवडतं.

पण फी भरायची तारीख ठरलेली आहे, गिऱ्हाईक ठरलेलं नाही. व्यापारी विकतो एका भावाने, परत घेतो बऱ्याच कमी भावाने. लिलावात द्याल तर कमिशन कापलं जाईल आणि पैसे हातात पडायला वेळ लागेल. संच फोडलात तर चांगल्या नोटा उचलल्या जातील, बाकीच्या तुमच्याकडेच राहतील. त्यातली तंजावरच्या मंदिराची हजाराची नोट तर १९७८मध्ये चलनातून बाद झालीय. तिची किंमत फक्त संग्राहक देईल तेवढीच.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. शंभराच्या नोटेला डावीकडे पिनेची भोकं आहेत. त्यात वावगं काही नाही, बँका तेव्हा गड्ड्या पिना मारूनच बांधायच्या. खटकला तो कागद. मधली घडी पुसट दिसतेय आणि पांढरेपणा जरा जास्तच आहे. धुऊन इस्त्री केली असावी, अशी मला शंका आहे. तिरप्या उजेडात धरून छपाईचा उठाव बघा. सपाट वाटली तर ‘कोरी’ म्हणून पैसे देऊ नका.

छंद मात्र सोडू नका. फी, विमा आणि अडीअडचणीची रक्कम बाजूला काढल्यावर पगारातून जे उरेल, त्यातून वर्षाला एखादी चांगली नोट घ्या, पक्की पावती घेऊन. जुन्या नोटा विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी कमिशन मागितलं तर फोन ठेवा. बँकेनेच २०२१मध्ये तसा इशारा दिला आहे.

विक्रेत्याला विचारा, मेनन सहीची नोट सुटी देणार का. दिली तर तिचा फोटो पाठवा, मागच्या बाजूचाही.